पिवळं दूध

भागोजीनं वासराचे पुढचे दोन्ही खूर मुठीत धरले आणि गाय कळ द्यायची वाट बघत बसला. ओढायचं ते गाईनं जोर केला की, एरवी नाही. गाईनं मान ताणली, पाठ वाकवली, तसा त्यानं हात खाली ओढून घेतला आणि वासरू भसकन पेंढ्यावर आलं. त्यानं बोट घालून त्याच्या तोंडातला, नाकातला चिकटा काढला, पेंढ्याच्या बोळ्यानं अंग खसखसून पुसलं आणि उचलून गाईच्या तोंडापुढं ठेवलं.

"पाडा हाय," तो गाईच्या धन्याला, केरूला म्हणाला.

केरूची बायको सखू चरवी घेऊन दारातच उभी होती. वासरू उठायची धडपड करतंय तोवर ती गाईच्या कासेजवळ येऊन बसली पण.

"ती चरवी ठेव खाली," भागोजी म्हणाला.

"कणभर काढते, आबा. पोरं खरवसापायी कवाधरनं चुलीम्होरं बसलीत."

"आधी ह्याला."

"एवढंसं तोंड त्याचं. कितीसं पिणार हाय?"

"किती का पिईना. आधी ह्याचं पोट, मग तुमचा खरवस. चीक मिळाला नाय तर हे वासरू पावसाळ्याचं तोंड बघायचं नाय. किती वेळा सांगू गो तुला?"

हे बोलणं सखूला काही नवीन नव्हतं. सगळ्या वाडीत गाय-म्हैस अडली की भागोजीला हाक जायची, आणि भागोजी आला की चरवी खाली ठेवावी लागायची. खरवसाच्या घाईपायी कुणी कासेला हात लावला तर तो शिव्या द्यायला कमी करायचा नाही. सखू हसत बाजूला सरली. भागोजीनं वासराला कासेशी नेलं, सड त्याच्या तोंडात दिला. वासरू चुकलं, पुन्हा चुकलं, मग एकदाचं धरलं.

"सूनबाईला आज माहेरी सोडताय म्हणं, शालनला?" सखूनं विचारलं.

"व्हय."

"बरं करताय. पोरीचं मन पण जरा हलकं व्हईल." सखू पेंढा गोळा करता करता बोलत होती, तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं. "आता चूक तिची झाली ती झाली. सगुणाकाकी डोळ्यात तेल घालून जपत व्हती, आन् हिनं पहिल्याच दिवशी पोराला घाण दूध पाजलं. कळायला नको काय? पर बोलणार तरी किती, तिचं पण पोरच गेलं ना."

समोर वासरू तेच पहिलं दूध पीत होतं. आपल्या बोलण्यात सखूला काही वावगं दिसलं नाही. महिन्यापूर्वी भागोजीला पण दिसलं नसतं.

तो उठला. केरूनं बादली पुढं केली, त्यात त्यानं कोपरापर्यंत हात धुतले. धुवून झाले तरी धूतच राहिला.

"आबा, चा घेऊन जा."

"नको. येष्टी गाठायची हाय," भागोजी म्हणाला आणि पाखाडीच्या पायऱ्या उतरून घराकडं निघाला.

आता त्यांच्याकडं रीतच अशी होती. बाळंतिणीला पहिलं जे पिवळं, घट्ट दूध येतं ते नऊ महिने साठून राहिलेलं, नासलेलं. ते पिळून टाकायचं. पांढरं दूध उतरेपर्यंत पोराला कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी चोखवायचं. हौसा सुईण प्रत्येक घरात हेच सांगायची, आणि तिच्या आधी तिची सासू सांगायची. सगुणेनं, म्हणजे भागोजीच्या बायकोनं, स्वतःच्या पाचही पोरांना तसंच केलं होतं. त्यातली तीन सटवीनं नेली. दुधाचं नाव त्यात कधी कुणी घेतलं नव्हतं.

शालनचं हे पहिलंच. नवरा दत्ताराम मुंबईला गोदीत. त्या साली गिरण्या बंद पडलेल्या, वाडीतले निम्मे मुंबईकर घरी येऊन बसले होते, पण दत्तारामाला सुट्टी नव्हती. मुलगा झाला. सगुणेनं शेजारीपाजारी साखर वाटली.

पहिल्याच रात्रीच्या पहाटेची गोष्ट. भागोजी पडवीत निजला होता. पडवी आणि बाळंतिणीची खोली ह्यांच्यामध्ये शेणामातीनं लिंपलेला एक कूड, बस. पोर किरकिरत होतं, आणि एकाएकी गप झालं. मग कुडाच्या पलीकडून आवाज यायला लागला. तो आवाज भागोजीला कुणी सांगायला नको होता. पोर पीत होतं. त्याला अंधारात हसू आलं.

मग सगुणा जागी झाली.

"काय करतेस हे? सोड. सोड म्हणते ना. घाण ती, पोराच्या पोटात घालतेस?"

"भुकेलंय हो ते, आत्याबाई. वासराला तर आधी पाजतात ना? मामंजींना विचारा."

"मामंजी निजलेत तुझे. आन् माणसाचं पोर काय जनावर हाय?"

"मामंजी," शालननं कुडाकडं तोंड करून हाक मारली. मोठ्यानं नाही. "मामंजी, सांगा ना."

भागोजीनं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. बाळंतिणीच्या खोलीत बाप्यामाणसानं बोलावं, आणि तेही सुनेच्या दुधाबद्दल? लाज म्हणून काही असते की नाही. बायकांचं बायका बघतील. पोर रडलं, मग कापसाचा बोळा चोखत गप झालं. सकाळी शालन परड्यात केळीच्या बुडाशी बसून दूध पिळून टाकत होती आणि सगुणा बाजूला उभी राहून बघत होती.

पाचवीला पोर शांत होतं. पाचवी पुजायला बायका जमल्या, त्या सगळ्या म्हणाल्या, किती गुणाचं पोर, रडत नाही का कुरकुरत नाही. तेव्हा पांढरं दूध उतरलं होतं, पण पोर प्यायलाच मागेना. पोट भरलं असेल म्हणाल्या. कपाळाला हात लावून बघितला, ताप नाही. मग काय घाबरायचं? भागोजीनं सहज म्हणून फडक्याबाहेर आलेलं पाऊल चिमटीत धरलं, तर ते विहिरीतल्या दगडासारखं गार. सुवेराच्या विटाळातल्या बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर सोडत नाहीत. त्यानंच पोर घोंगडीत गुंडाळलं आणि फाट्याकडं धाव घेतली. चिऱ्याचा एक ट्रक देवरूखला चालला होता, त्यानं घेतलं.

देवरूखच्या डॉक्टरनं सुया दिल्या, एवढ्याशा हातात सलाईन लावलं. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडं गेला. विमलाबाई म्हणून एक वयस्क नर्स होती, ती भागोजीच्या शेजारी बाकावर येऊन बसली.

"आईचं दूध कधी पाजलंत?"

"पांढरं उतरलं तवा."

"त्याआधी?"

"गुळाचं पाणी. कापसानं."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर किती वेळा वाटलं.

"असं बघा आजोबा," ती म्हणाली. "आपल्या प्रत्येकाच्या अंगात राखणदार असतात. रोग आत शिरला की ते त्याच्याशी झुंजतात. मोठ्या माणसाच्या राखणदारांनी एकदा एखादा रोग बघितला की त्याचं तोंड ते विसरत नाहीत. पुन्हा आला की उंबऱ्यातच धरतात. पोराचे राखणदार मात्र नवखे. चोर कुठला नि घरचा कुठला, त्यांना कळायलाच दिवस लागतात. आणि रोग काही तेवढे दिवस थांबत नाही."

"मग सगळीच पोरं..."

"म्हणून तर आई असते. तिनं तुमच्या विहिरीचं पाणी प्यालंय, तुमच्या अंगणातली धूळ तिच्या नाकातोंडात गेलीय. तिथले चोर तिच्या राखणदारांना तोंडपाठ. त्यांतले थोडे ती पोराला पोटात असतानाच देते. आणि पुष्कळसे देते त्या पहिल्या पिवळ्या दुधातनं. ते आतड्याला लेप दिल्यासारखे बसतात, पाण्यातनं आलेला रोग आत शिरू देत नाहीत. पुढच्या दुधात पण असतात, पण तेवढे नाहीत."

"ताप नव्हता," भागोजी म्हणाला. "आम्ही म्हटलं, ताप नाय, मग काय व्हतंय."

"ताप म्हणजे अंग झुंजतंय. एवढ्याशा जिवाला कधी कधी तेवढं पण बळ नसतं. ते नुसतं गार पडत जातं."

भागोजी मांडीवरच्या घोंगडीकडं बघत राहिला.

"वासराला आम्ही आधी..." तो म्हणाला.

"वासराचं बरोबर करता तुम्ही. त्याला तर पोटात काहीच मिळत नाही, जे काय ते चिकातनंच." विमलाबाई त्याच्याकडं वळली. "आईनं एकदाही घेतलं नाही का हो त्याला छातीशी?"

"एकदा. मग काढून घेतलं."

"दूध मिळालं असतं तर वाचलाच असता, असं मी नाही म्हणत. ते कुणीच सांगू शकत नाही. पण त्याच्याकडं झुंजायला जे काही होतं, त्यात आईच्या पहिल्या दुधातनं आलेलं ते एवढंच."

घरी येईपर्यंत भागोजीनं ठरवलं होतं, हे सगळं जसंच्या तसं सांगायचं. पण तो पोराला घेऊन अंगणात पोचला तोवर तिथलं ठरून गेलं होतं. हौसा सुईण आली होती. तिनं खोदून खोदून विचारलं होतं आणि सगुणेला ती पहाट आठवली होती. "हिनं पाजलं," सगुणा भिंतीला डोकं आपटून घेत होती. "मी ओढून घेतलं, पर आधीच पाजलं व्हतं हो हिनं." शालन कोपऱ्यात बसली होती. ती नाही म्हणाली नाही. भागोजीनं बायकोकडं बघितलं. हिला काय सांगायचं? की तुझ्या हातानं झालं? आणि आताचंच नाही, आधीची तीन पण? त्यानं तोंड उघडलं नाही. त्या दिवशी उघडलं नाही म्हणून मग दुसऱ्या दिवशी उघडणं आणखी जड झालं, आणि तिसऱ्या दिवशी त्याहून.

दत्ताराम मुंबईहून आला, दोन रात्री राहिला, बायकोशी एक शब्द बोलला नाही. जाताना आवशीला, सगुणेला म्हणाला, "राहू दे तिला थोडे दिवस माहेरी. मला बघवत नाय तिच्याकडं."

शालन तयार होऊन पडवीत बसली होती. सगुणेनं तिची ओटी भरली नाही, पण भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून दिली, आणि पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवता फिरवता मागं घेतला. भागोजीनं गठुडं उचललं. पुढं सासरा, मागं सून, मध्ये चार पावलांचं अंतर, अशी ती दोघं सड्यावरच्या, कातळमाळाच्या वाटेला लागली. खाली शेतांतून पालापाचोळ्याची भाजावळ चालली होती, धूर सरळ वर जात होता. कातळ तापायला लागला होता. सड्याच्या मध्यावर आल्यावर शालननं मागनं हाक मारली.

"मामंजी, एक विचारू?"

"विचार."

"मला परत न्याल ना?"

भागोजीची चाल मंदावली. मागं वळून बघावं असं वाटलं, पण सुनेच्या तोंडाकडं बघून बोलायची सवय नव्हती.

"मला ठावं नव्हतं असं नाय," शालन म्हणाली. "घाण असतं ते, सगळ्याच सांगत व्हत्या. पर ते तोंड फिरवून फिरवून शोधत व्हतं हो. माझ्याच्यानं राहवलं नाय. मी मारलं त्याला. पर मुद्दाम नाय मारलं, एवढं तरी ह्यांना सांगाल काय कुणी?"

"तू नाय मारलंस."

"बरं वाटावं म्हणून बोलू नका, मामंजी."

"बरं वाटावं म्हणून नाय." तो चालतच राहिला. चालता चालता, समोरच्या वाटेकडं बघत त्यानं सगळं सांगितलं. विमलाबाईनं सांगितलं तसंच. राखणदार, चोर, विहिरीचं पाणी, पिवळं दूध. काही सोडलं नाही, वर घातलं नाही. महिनाभर अडकलेलं ते एकदा सुरू झालं तसं पाटाच्या पाण्यासारखं येत राहिलं. बोलता बोलता त्याला वाटत होतं, आता पोरीच्या डोक्यावरचा भारा उतरतोय. आता तिला कळतंय.

मग त्याच्या ध्यानात आलं की मागं पावलं वाजत नाहीत.

त्यानं वळून बघितलं. शालन कातळावर बसली होती.

"म्हणजे ते चांगलं व्हतं," ती म्हणाली.

"व्हय. तेच तर सांगतोय."

"मग मी ते ओतलं."

भागोजीनं गठुडं खांद्यावरनं हातात घेतलं.

"परड्यात बसून पिळून पिळून ओतलं. आत तो रडत व्हता, आन् मी ओतत व्हते. दुखायचं, तरी ओतत व्हते." ती त्याच्याकडं बघत नव्हती. स्वतःच्या दोन्ही हातांकडं बघत होती. "त्यांनी ओढून घेतलं तवा मी आणखी घट्ट धरायला पाहिजे व्हतं ना? मी सोडलं. एकदाच म्हटलं आन् सोडलं."

गठुडं घेतलेला हात भागोजीला एकाएकी जड झाला. भारा उतरवायला गेला होता, आणि आधीच्यापेक्षा दुप्पट तिच्या डोक्यावर ठेवून बसला होता. तो परत चार पावलं आला आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर उकिडवा बसला.

"मामंजी," ती म्हणाली, "त्याच्या पोटात काय तरी गेलं असंल काय हो? एक घोट तरी? का नुसतंच तोंड लावलं? मला काय कळणार, पहिलंच पोर. अंधार व्हता, मी घाबरलेली. कळायच्या आत आत्याबाईंनी ओढलं."

गेलं असंल, असं म्हणता आलं असतं. तेवढ्यानं भागलं असतं. पण महिनाभर तिला जो तो "असंल"च सांगत होता. देवाची मर्जी असंल, दृष्ट लागली असंल, पुढल्या खेपेला बरं व्हईल. खात्रीनं सांगू शकणारा माणूस सबंध दुनियेत एकच होता आणि तो तिच्यासमोर बसला होता.

"प्याला," भागोजी म्हणाला. "नुसतं तोंड नाय लावलं. आधी चुकला दोनदा. मग धरलं. मग घुटघुट गिळायला लागला. मध्ये थांबला, दम खाल्ला, पुन्हा प्याला. चांगला प्याला, पोरी. बराच वेळ प्याला."

शालनचा चेहरा हळूहळू सैल झाला. महिनाभरात पहिल्यांदा ओठाच्या कडेला काहीतरी हललं. "व्हय? दम पण खाल्ला?" ती म्हणाली. "मला वाटलं, मध्येच सोडलं त्यानं." आणि मग ती तशीच थांबली. ओठावरचं अजून तिथंच होतं, पण डोळे बदलले.

"तुम्ही जागे व्हता."

कुठं तरी खाली शेतात कुणी बैलांना हाकलत होतं.

"व्हय," भागोजी म्हणाला. "जागा व्हतो."

 हाक ऐकली का, हे तिनं विचारलं नाही. उठली, लुगड्याला लागलेली माती झाडली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि चालायला लागली. ह्या वेळी ती पुढं होती. भागोजी गठुडं घेऊन मागं.

फाट्यावर पोचले तर येष्टी वळणावर दिसतच होती. संगमेश्वरला उतरून पुढं चिपळूणची गाडी धरायची होती. तिला त्या गाडीत बसवून मग परतायचं, असं भागोजीचं ठरलं होतं. गाडी थांबली. त्यानं पाय उचलला, तेवढ्यात शालननं त्याच्या हातातलं गठुडं धरलं.

"द्या इकडं."

"अगो, संगमेश्वरपर्यंत येतो ना मी. तिथं गाडी बदलायची हाय. चुकशील कुठं तरी."

"विचारून बदलीन."

तिनं गठुडं काढून घेतलं आणि आत चढली. खिडकीशी बसली. कंडक्टरनं दारातून विचारलं, "म्हातारबा, येताय का नाही?" भागोजीनं नाही म्हणून मान हलवली, आणि खिडकीपाशी गेला. लेकीसुना माहेरी निघाल्या की घरच्या कर्त्यानं विचारायचं असतं, ते त्यानं विचारलं. विचारताना आवाज मात्र कर्त्या माणसाचा राहिला नव्हता.

"शालन, न्यायला कधी येऊ?"

ती समोर बघत होती. मग तिनं तोंड त्याच्याकडं वळवलं. पदर मागं सरकला होता, तो तिनं सावरला नाही, आणि सासऱ्याच्या डोळ्यांत सरळ बघून ती म्हणाली, "ते दूध चांगलं व्हतं, आन् तो प्याला व्हता, ते आधी आत्याबाईंना सांगा. कसं कळलं, ते पण सांगा."

कंडक्टरनं घंटी मारली.